स्नूपीच्या विजयाची कुळकथा

‘स्नूपी व्हर्सेस द रेड बॅरन’ हा विमानयुद्धाचा व्हिडिओ गेम २००६ साली आला. अमेरिकेतल्या स्मार्ट बॉम्ब इंटरअ‍ॅक्टिव्हने तो घडवला आणि नाम्को बांदाईने प्लेस्टेशन २, पीएसपी व संगणकासाठी बाजारात आणला. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ चित्रमालिकेतला बीगल कुत्रा स्नूपी इथे पहिल्या महायुद्धातला वैमानिक आहे. शस्त्रांत बटाटे डागणारी बंदूकही असल्याने लहान मुलांच्या हाती हा खेळ निर्धास्तपणे देता येतो. पण मूळ चित्रमालिका वाचलेल्याला एक गोष्ट खटकते: या खेळात स्नूपी जिंकू शकतो.

‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि १० ऑक्टोबर १९६५च्या रविवारी स्नूपी वैमानिक झाला. ही कल्पना कोणाची, यावर शुल्झ यांच्या घरातच मतभेद होता. मुलगा माँटी म्हणे, आपणच सुचवली. वडिलांना ते मान्य नव्हते. माँटी पहिल्या महायुद्धातल्या विमानाचे प्लॅस्टिकचे मॉडेल जोडत असताना ती आपल्याला स्फुरली, एवढेच ते कबूल करत. वडिलांचे म्हणणे अधिक पटते. स्नूपी १९५८पासून घराच्या छपरावर झोपत होता, त्याआधीपासून निरनिराळ्या प्राण्यांची सोंगेही घेत होता. छप्पर होते, सोंगाची सवय होती; मॉडेलने फक्त युद्ध पुरवले. जुन्या युद्धपटांचा वाटाही त्यात धरावा लागतो.

शुल्झ यांनी हे युद्ध फार काटकसरीने काढले. कुत्र्याचे घर नेहमी एका बाजूनेच दिसते आणि तेच सॉपविथ कॅमल विमान. त्याचा शत्रू, जर्मन वैमानिक रेड बॅरन, चौकटीत येतच नाही. छपराला गोळ्यांची भोके पडतात, धूर निघतो आणि स्नूपी मूठ उगारून न दिसणाऱ्या शत्रूला शिव्याशाप देतो. २७ ऑक्टोबर १९६६ला दाखवलेल्या ‘इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राउन’ या दूरदर्शनपटातही विमान पडते आणि तो फ्रान्समधून पायी वाट काढतो. हरणे हाच या सोंगाचा आत्मा होता.

मग विजय आला कुठून? त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या रॉयल गार्ड्समेन या बँडने एक गाणे काढले आणि ते अमेरिकेच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. गाण्याचे नाव होते ‘स्नूपी व्हर्सेस द रेड बॅरन’. परवानगी घेतलेली नव्हती, त्यामुळे खटला झाला आणि प्रकाशनहक्कांचे उत्पन्न ‘पीनट्स’च्या हक्कधारकांकडे गेले. या गाण्यात स्नूपी बॅरनला खाली पाडतो. चाळीस वर्षांनी आलेल्या खेळाने गाण्याचे नाव अक्षरशः घेतले आणि नावाबरोबर शेवटही घेतला. खेळाचे कुळ चित्रमालिकेपेक्षा या विनापरवाना गाण्याकडे जाते, असे मानायला म्हणूनच आधार आहे.

यावर आक्षेप सरळ आहे: खेळ म्हटला की जिंकण्याची सोय हवीच, त्यासाठी गाणे कशाला? पण सुरुवातीच्या काळातल्या कितीतरी व्हिडिओ गेमना शेवटच नसे. गुण वाढत जात आणि खेळाडू कधीतरी हरे. अटारी २६००साठी १९८३ साली ‘स्नूपी अँड द रेड बॅरन’ नावाचा खेळ आला, तोही त्याच काळातला. त्यात स्नूपी आपल्या घरावरच बसून उडतो आणि नावातला दुवा फक्त ‘अँड’ आहे. आमनेसामनेची लढत आणि तिचा निकाल या दोन्ही गोष्टी गाण्यातच एकत्र सापडतात.

प्रत्यक्षातही बॅरन शेवटी पडलाच. खरा बॅरन म्हणजे जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन. ८० विमाने त्याच्या नावावर होती आणि २१ एप्रिल १९१८ रोजी, पंचविसाव्या वर्षी, तो सोमच्या परिसरात मारला गेला. श्रेय सॉपविथ कॅमल उडवणाऱ्या रॉय ब्राउन या कॅनडियन वैमानिकाला मिळाले. आज बहुतेक अभ्यासक जमिनीवरच्या ऑस्ट्रेलियन मशीनगनकडे बोट दाखवतात.

स्मार्ट बॉम्बने एक्सबॉक्स ३६०साठी पुढचा खेळ २०१०मध्ये काढला. त्यात सोळा जण ऑनलाइन एकमेकांशी लढू शकत होते. या वेळी नावातून बॅरन गेला आणि शुल्झ यांनी स्नूपीला दिलेली पदवी आली: ‘स्नूपी फ्लाइंग एस’.