राहुटीच्या दारी गाव

महाशिवरात्र उलटली की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहू लागतात. प्रत्येक राहुटीपुढे फडाचा बोर्ड आणि त्यावर मालकाचे किंवा मालकिणीचे नाव. आत गादी, टेबल, तारखांची वही आणि ती सांभाळणारा मॅनेजर. गुढीपाडव्याच्या आसपास जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले अशा तालुक्यांतून यात्रा कमिट्यांची माणसे चार-पाचांच्या गटाने येतात आणि एका राहुटीतून दुसरीत फिरतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बाया किती आहेत, सोंगाड्या कोण, वग कोणता लावणार, दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी देणार की नाही. मग आकडा निघतो. कमिटी उठून बाहेर जाते, कोपऱ्यात आपसांत बोलते, परत येते. जमले तर इसार दिला जातो, वहीत तिथीपुढे गावाचे नाव पडते आणि सुपारी पक्की होते. तमाशाची पंढरी म्हणून या गावाचा लौकिक आहे. वर्तमानपत्रे दरवर्षी किती लाखांची उलाढाल झाली ते छापतात आणि हा विषय तिथेच संपतो. पण या व्यवहारात पैशापेक्षा मोठी एक गोष्ट घडून गेली आहे: गाव कलावंताच्या दारी आले आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात पूर्वी हे चालणे उलट्या दिशेने होते.

जत्रेला वाजवणारे, गाणारे, नाचणारे कोण असावेत हे जुन्या गावाला ठरवावेच लागत नसे. ते जन्माने ठरलेले असे. बलुतेदार आणि अलुतेदार यांच्या याद्या प्रांताप्रांतात बदलतात, तरी घडशी, गोंधळी, डवरी गोसावी ही नावे अलुतेदारांत वारंवार दिसतात. मांग हा बलुतेदार. दोर वळणे त्याचे काम आणि हलगी वाजवणेही त्याचेच. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा, सणाला पोळी, लग्नाकार्यात ठरलेला मान एवढ्यावर हा व्यवहार चाले. भाव ठरत नसे, कारण नकार देण्याची सोयच नव्हती. गावाला दुसरा हलगीवाला आणता येत नव्हता आणि हलगीवाल्याला दुसरे गाव धरता येत नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाला. त्यात दारोदार फिरणाऱ्या कलावंत आणि भिक्षेकरी जातींचा सारा भार अखेर कुणब्याच्या खळ्यावर येऊन पडतो, अशी तक्रार आहे. ती शेतकऱ्याच्या बाजूने रास्तही असेल. पण तीच नोंद कलावंताच्या बाजूने वाचली तर दिसते ते असे की, कला करून मिळालेले धान्यही हिशेबात भिक्षेच्याच रकान्यात जात होते.

या रचनेच्या बाहेर तमाशा आधीपासून होताच. उत्तर पेशवाईत होनाजी बाळा, अनंत फंदी, रामजोशी, प्रभाकर, सगनभाऊ यांना दरबाराचा आणि सरदारांचा आश्रय मिळाला. दरबार बुडाल्यावर फड गावोगाव फिरू लागले. उमाबाबू सावळजकरांच्या ‘मोहना-बटाव’पासून, म्हणजे साधारण 1865 पासून, तमाशाला वगाची जोड मिळाली आणि रात्रभर पुरेल असा खेळ तयार झाला. पण आश्रयदाता गेला म्हणून स्वातंत्र्य आले असे झाले नाही. फड गावात उतरायचा, पाटलाची मर्जी सांभाळायची, दौलतजादा किती पडेल त्यावर रात्रीची कमाई. गावाने बोलावले म्हणून नव्हे, तर गावाने राहू दिले म्हणून खेळ होत असे.

ही चौकट ढिली कशामुळे झाली, याचे श्रेय तमाशाच्या इतिहासात सहसा ज्यांना दिले जात नाही त्यांना मी आधी देईन. वतनी महारकीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. पुढच्या तीस वर्षांत गावोगावच्या महारांनी येसकरकी, मेलेली ढोरे ओढणे आणि जत्रेत-लग्नात वाजवणे नाकारले आणि त्याबद्दल बहिष्कारही सोसले. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. वाजवणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते, हे गावाने पहिल्यांदा पाहिले ते या लढ्यात. ज्याला नकार देता येतो त्याचीच बोलणी करावी लागते. सुपारीचा बाजार या नकारानंतरच शक्य होता, असे माझे मत आहे.

बाकीची कारणे रस्त्याची आणि पैशाची. एसटीची पहिली गाडी 1948 च्या जूनमध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर कमिटीला एका दिवसात जाऊन सुपारी देऊन येणे आणि फडाला ट्रक करून रोज नवे गाव गाठणे शक्य होत गेले. नारायणगावाची जागा त्यासाठी नेमकी होती. हमरस्ता जवळ, यात्रांच्या गावांचा दाट पट्टा भोवती, आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा नावाजलेला फड गावचाच. दक्षिणेकडे सांगली जिल्ह्यात विट्याला असेच महत्त्व आले. पैसा आला तो काही अंशी उसाचा, काही अंशी मुंबईचा. मुंबईचे डबेवाले आणि माथाडी बहुतांशी याच मावळपट्टीतले आणि घाटावरचे. ग्रामदैवताच्या यात्रेसाठी डबेवाले चैत्रात सुटी घेतात, हे मुंबईच्या कचेऱ्यांना आजही दरवर्षी जाणवते. गावच्या पट्टीत मुंबईकरांची वर्गणी ठळक असते, आणि वर्गणी देणारा तमाशा कुणाचा आणायचा यावर बोलतोही. खळ्यावरचा वाटा जातीप्रमाणे ठरत असे. वर्गणीचा पैसा कुठल्याही फडाकडे जाऊ शकत होता.

भाव कसा ठरतो तेही पाहण्यासारखे आहे, कारण पंचांग आणि बाजार इतके गळ्यात गळा घालून क्वचितच चालतात. रामनवमी, हनुमान जयंती म्हणजेच चैत्र पौर्णिमा, वद्य अष्टमी या तिथींना एकाच रात्री शेकडो गावांत यात्रा असते. नामांकित फड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि एका फडाला एका रात्री एकच गाव. म्हणून पौर्णिमेची सुपारी आणि तिच्यानंतरच्या एखाद्या रिकाम्या तिथीची सुपारी यांत मोठी तफावत पडते. फड तोच, वग तोच, बायाही त्याच. श्रीमंत गाव पाडव्यालाच येऊन मोठी तिथी धरते. गरीब गावाची कमिटी थांबते आणि उरलेल्या फडांतून निवड करते. दसऱ्यापासून तंबू लावून तिकिटावर खेळ करणारे मोठे फड पाडव्यानंतर असे सुपारीवर चालतात, आणि वैशाखात यात्रा सरेपर्यंत रोज रात्री नवा मुक्काम पडतो. गावात छबिना निघाल्यावर खेळ सुरू होतो. सकाळी कुस्त्यांच्या आधी हजेरी झाली की ट्रक पुढच्या गावाला. दीड-दोन महिन्यांच्या या सुपाऱ्यांवर शंभराच्या घरात माणसे असलेल्या फडाचा वर्षाचा मेळ बसतो किंवा फसतो.

याला पहिला आक्षेप येतो तो श्रद्धेच्या बाजूने. देवाच्या यात्रेत घासाघीस आली, पूर्वीचा जिव्हाळा गेला, असे म्हणणारे बरेच आहेत. पण त्याच यात्रेत मांडववाला, पहिलवान, आतषबाजीवाला यांचे पैसे ठरवूनच दिले जातात आणि त्याने देवाचा कोप झाल्याचे कुणी सांगत नाही. घासाघीस खुपते ती कलावंताशी करावी लागते म्हणून. शिवाय पूर्वीचा जिव्हाळा कोणाला लाभत होता, हेही विचारले पाहिजे. ‘भाऊ-बापू मांग’ अशी जात बोर्डावर लिहिलेली राहुटी आणि तिच्यात गादीच्या कडेला बसून आकडा थोडा कमी करा म्हणणारे गावकीचे पुढारी, हे दृश्य बलुत्याच्या काळात कल्पनेतही बसले नसते. विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे या बायका फडाच्या मालकिणी म्हणून बोर्डावर आल्या. गावकीच्या कुठल्याही पंचायतीत त्या काळी त्यांना बसायला जागा मिळाली नसती, पण त्यांच्या फडाशी व्यवहार करायला तीच गावकी येत होती.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि तो आंबेडकरी चळवळीतूनच आला. ठरावीक जातींच्या बायकांनी नाचावे आणि इतरांनी पाहावे, हा क्रम सुपारीने मोडला नाही, फक्त त्याला दर लावला, असे त्याचे सार. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाची चौकट घेतली, पण तिच्यातली देवाची गवळण आणि बाईचा नाच बाजूला ठेवला, तो याच विचाराने. शर्मिला रेगे यांनी लावणीच्या इतिहासाची मांडणी करताना हेच सूत्र पेशवाईतल्या कुणबिणींपर्यंत मागे नेले आहे. या आक्षेपाला पुरते उत्तर माझ्याकडे नाही आणि ते असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. एवढेच म्हणता येईल की, दर लागणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. दर लागला म्हणजे तारीख ठरली, मुक्कामाची आणि जेवणाची अट घालता आली, आणि रात्र संपली की गावाचा फडावरचा हक्कही संपला. जातीचा क्रम टिकला. त्यातली वेठ मात्र गेली.

वेठ गेली म्हणताना उचलीकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. पावसाळ्यात फड बंद असतो. तेव्हा कलावंत मालकाकडून उचल घेतो, मालक ती बहुधा व्याजाने काढून देतो, आणि हंगाम बुडाला तर दोघेही बुडतात. ऊसतोड कामगार आणि मुकादम यांच्यातली उचल याच जातकुळीची, त्याच भूभागातली. म्हणजे राहुटीच्या दाराशी जी बरोबरी दिसते ती मालक आणि कमिटी यांच्यातली. ढोलकीवाला, झीलकरी, मागच्या ओळीत नाचणारी मुलगी यांच्यापर्यंत ती पोचतेच असे नाही. सुपारीच्या बाजाराने गावाची सत्ता कमी केली आणि सावकाराची वाढवली, असे कुणी म्हटले तर ते खोडून काढणे कठीण आहे.

पैसे देणाऱ्याच्या आवडीने खेळ बिघडला, हा तिसरा आक्षेप मला मात्र अर्धाच पटतो. सिनेमाची गाणी वाढली हे खरे, आणि कमिट्यांनी ती मागितली हेही खरे. पण वगाचा गळा आवळला तो कमिटीने एकटीने नव्हे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केला, फार तर वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत ठेवली. गण, गवळण, बतावणी आणि रंगबाजी आटोपून वगाला हात घालेपर्यंत पूर्वी मध्यरात्र होत असे. जो खेळ पहाटेपर्यंत चालण्यासाठी घडला तो तीन तासांत बसवायचा तर काय कापायचे, हे उघड होते. सुपारी देणाऱ्यालाही मग दिसले की तेवढ्या वेळात ऑर्केस्ट्रा किंवा लावणीचा शो कमी माणसांत आणि कमी पैशांत होतो.

बाजाराची खरी उणीव दिसली ती 2020 साली. त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. यात्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या गेल्या, उचली मात्र अंगावर राहिल्या. त्याआधीही विठाबाईंच्या बाबतीत हे दिसून गेले होते. 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेल्या या बाईंना 2002 मध्ये अखेरच्या आजारात उपचाराच्या खर्चासाठी इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. बलुत्याच्या पद्धतीत म्हातारपणी वाटा तुटत नसे, असे तिचे समर्थक सांगतात. खरे आहे; मुलाने तीच हलगी उचलावी या अटीवर तो तुटत नसे. सुपारीने ती अट काढली आणि तिच्याबरोबर म्हातारपणाची सोयही गेली. तिच्या जागी कमिटी काही देणार नव्हती, कारण तिचा करार एका रात्रीचा. ते काम फडमालकांच्या संघटनेचे आणि सरकारचे होते, आणि त्याबद्दलची मागणी अजून निवेदनांतच फिरते आहे.