परसातील कोंबड्यांचे उष्णतेपासून संरक्षण

उन्हाळ्यात, विशेषतः उष्णतेच्या लाटेत, घराच्या परसात पाळलेल्या कोंबड्यांच्या शरीराचे तापमान सुरक्षित मर्यादेत राहावे, यासाठी निवारा, पाणी, आहार व वायुवीजन यांची जी व्यवस्था केली जाते, तिला परसातील कोंबड्यांचे उष्णतेपासून संरक्षण असे म्हणतात. पुणे जिल्ह्यातील मंचर परिसरासारख्या पठारी भागात मार्च ते मे या काळात दुपारचा पारा बराच चढतो. मात्र पहाटेची हवा त्या मानाने थंड असते. त्यामुळे दुपारी सावली व पाणी आणि रात्री मोकळी हवा, या दोन गोष्टींवर येथील संरक्षणाची भिस्त असते.

स्थान व हवामान

मंचर हे आंबेगाव तालुक्यातील, पुणे–नाशिक महामार्गावरील बाजारपेठेचे ठिकाण आहे. तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरचा अतिपावसाचा डोंगराळ प्रदेश असून पूर्वेकडील भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यावर ऊस, कांदा, बटाटा व भाजीपाला ही पिके घेतली जातात. शेतीच्या जोडीला अनेक घरांच्या परसात पाच-दहा गावठी कोंबड्या असतात.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट मानली जाते. कमाल तापमान ४५ अंश वा त्याहून अधिक झाल्यास सरासरीशी तुलना न करताही लाट जाहीर होते. कोंबड्यांना मात्र या मर्यादेच्या बऱ्याच आधीपासून त्रास होऊ लागतो.

शारीरिक कारणे

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात आणि तिचे अंग पिसांनी झाकलेले असते. तिच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश असते. साधारण १८ ते २४ अंशांची हवा तिला मानवते. या तापमानात तुरा, चोचीखाली लोंबणाऱ्या मांसल पाळ्या, पाय व पंखांखालचा पिसेविरहित भाग यांतून शरीरातील उष्णता सहज बाहेर पडते. हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले, की हा मार्ग जवळजवळ बंद होतो.

सुमारे ३० अंशांच्या पुढे कोंबडी चोच उघडून धापा टाकू लागते. घसा व श्वसनमार्गातील ओलाव्याची वाफ होताना शरीरातील उष्णता शोषली जाते. एक ग्रॅम पाण्याच्या वाफेबरोबर सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता बाहेर जाते. धापेत पाणी झपाट्याने खर्च होत असल्याने ते वेळेवर न मिळाल्यास शरीर थंड ठेवण्याचा हा शेवटचा मार्गही खुंटतो. शरीराचे तापमान ४७ अंशांच्या आसपास गेल्यास पक्षी दगावतो.

सतत धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त अल्कधर्मी बनते. परिणामी अंड्याच्या कवचासाठी लागणारी द्रव्ये पुरेशी उपलब्ध होत नाहीत व अंडी पातळ कवचाची निघतात. कोंबडी खाणे कमी करते, त्यामुळे अंड्यांची संख्या व आकारही घटतो.

लक्षणे

आरंभी कोंबडी पंख अंगापासून दूर धरते, सावली शोधते, ओली माती उकरून तिच्यात बसते आणि वारंवार पाणी पिते. ताण वाढल्यावर तिची धाप जलद होते, पंख गळून पडल्यासारखे दिसतात व डोळे अर्धवट मिटतात. तोल जाणे, आडवे पडणे व झटके येणे ही उष्माघाताची चिन्हे होत. अंगाने जड पक्षी, अंड्यावरील कोंबड्या, खुडूक बसलेल्या कोंबड्या आणि दाटीवाटीने कोंडलेले पक्षी यांना धोका अधिक असतो. खुडूक कोंबडी घरटे सोडण्यास नाखूश असल्याने तिच्याजवळ पाणी ठेवणे व घरटे थंड जागी हलवणे आवश्यक ठरते.

निवारा

खुराड्याची लांबी पूर्व–पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंवर पडत नाही. छताच्या वळचणी सुमारे तीन फूट बाहेर काढल्यास दुपारचे ऊनही आत शिरत नाही. पत्र्याचे बुटके खुराडे उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते. पत्र्यावर बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिल्याने सूर्यकिरण परावर्तित होतात. उसाचे पाचट, कडबा किंवा गवत यांचा थर घातल्यास उष्णता आत झिरपण्यास अटकाव होतो. वाळलेले पाचट लवकर पेट घेत असल्याने चूल, बंब व विजेच्या तारांपासून ते दूर ठेवावे लागते.

कोणत्याही छपरापेक्षा झाडाची सावली अधिक थंड असते, कारण पानांतून सतत बाष्पोत्सर्जन होत असते. आंबा, चिंच, करंज, कडुनिंब किंवा शेवगा यांच्याखाली कोंबड्यांना दिवसभर मोकळे सोडता येते. त्या सावलीत थोडी जमीन ओलसर ठेवल्यास पक्षी तेथे माती उकरून अंग थंड करतात. डालग्याखाली झाकून ठेवलेली कोंबडी मात्र ऊन फिरल्यावर स्वतः सावलीत जाऊ शकत नाही. म्हणून दुपारी डालग्याची जागा बदलत राहावी लागते.

खुराड्यात अंथरलेल्या भाताच्या तुसाचा वा भुश्शाचा थर उन्हाळ्यात सुमारे दोन इंचांपर्यंत कमी करतात. जाड व ओला थर कुजताना उष्णता व अमोनिया निर्माण होतो.

पाणी

सामान्य हवामानात एक कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते. कडक उन्हाळ्यात हे प्रमाण दुप्पट होते. दहा कोंबड्यांसाठी अशा वेळी किमान पाच लिटर पाण्याची तरतूद लागते. पाणी कोमट झाल्यास पक्षी ते कमी पितात. म्हणून प्लॅस्टिकऐवजी मातीची पसरट भांडी सावलीत ठेवणे व दिवसातून तीन-चार वेळा माठातील ताजे पाणी भरणे हितावह असते. एकाच भांड्यावर दांडगे पक्षी दुबळ्यांना हुसकावतात. यास्तव भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवतात. पिलांसाठी उथळ भांड्यात खडे टाकल्यास ती बुडत नाहीत.

लाटेच्या दिवसांत पाण्यात इलेक्ट्रोलाइट व जीवनसत्त्व ‘क’ यांची पूड वेष्टनावरील प्रमाणानुसार दिली जाते. ती अधिक घातल्याने लाभ होत नाही. क्षाराचे प्रमाण वाढून अपायच होतो.

आहार

अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते व ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. सकाळी उशिरा दिलेल्या दाण्याची उष्णता नेमकी दुपारच्या उन्हात भर घालते. म्हणून दाणा पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास द्यावा आणि दुपारी हिरवा पाला, काकडी किंवा कलिंगडाच्या साली द्याव्यात, असा प्रघात आहे. अंड्याच्या कवचाची जडणघडण मुख्यतः रात्री होते. त्यामुळे शिंपल्यांचा चुरा सायंकाळी देणे उपयुक्त ठरते. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात साठवल्यास ती अधिक काळ टिकतात.

वायुवीजन व ओलावा

खुराड्याच्या बाजूंना ओले गोणपाट बांधून त्यांतून वारा येऊ देणे, हा पठारी प्रदेशातील प्रचलित उपाय आहे. मार्च–एप्रिलमध्ये दुपारची हवा कोरडी असल्याने पाण्याची वाफ लवकर होते व आतील हवा थंड होते. वळवाच्या सरी सुरू झाल्यावर, तसेच कोकणासारख्या दमट प्रदेशात, हाच उपाय उलटू शकतो. हवेत आधीच बाष्प असताना गोणपाट भिजवल्यास आतला दमटपणा वाढतो आणि कोंबडीची धाप निष्फळ ठरते. अशा वेळी गोणपाट काढून वारा खेळता ठेवणे अधिक योग्य असते. गोणपाट चारही बाजूंनी बंद बांधल्यास कोरड्या हवेतही गुदमर होते. त्यामुळे निदान एक बाजू मोकळी ठेवतात.

रात्रीची व्यवस्था

दिवसभर साठलेली उष्णता बाहेर टाकण्याची संधी कोंबडीला रात्री मिळते. ही संधी न मिळाल्यास दुसऱ्या दिवसाचा ताण आदल्या दिवसाच्या ताणावर चढतो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत मात्र उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असून रानमांजर व मुंगूसही कोंबड्यांवर टपलेले असतात. त्यामुळे अनेक घरी कोंबड्या रात्री बंद खोलीत किंवा पत्र्याच्या पेटीवजा खुराड्यात कोंडल्या जातात. त्यांतून शिकारी प्राण्यांपासून बचाव होतो, परंतु उष्णतेपासून होत नाही.

यावर उपाय म्हणजे भिंतींचा वरचा भाग मजबूत वेल्डमेश जाळीचा करणे. जाळीचे घर अर्ध्या इंचाचे असल्यास मुंगूस आत शिरत नाही. खुराडे घराच्या भिंतीलगत असावे, त्याला भक्कम कडी असावी आणि कोंबड्या अंधार पडण्यापूर्वी आत घ्याव्यात. प्रत्येक मोठ्या कोंबडीस सुमारे दोन चौरस फूट जागा दिल्यास दाटी होत नाही.

जातींची निवड

हलक्या अंगाच्या गावठी कोंबड्या जड संकरित पक्ष्यांपेक्षा उष्णता अधिक सहन करतात. मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्यांच्या अंगातून उष्णता लवकर बाहेर पडते. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने अशा कोंबड्यांच्या संकरातून ‘हितकारी’ हा वाण विकसित केला. परसातील पालनासाठी बंगळूर येथे ‘गिरिराज’ आणि हैदराबाद येथे ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ हे वाण तयार झाले. गिरिराज व वनराजा अंगाने भारी असल्याने उन्हाळ्यात त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

प्रथमोपचार व रोगनिदान

उष्माघात झालेल्या कोंबडीस ताबडतोब सावलीत व वाऱ्याच्या जागी न्यावे. तिचे पाय व पोटाकडील भाग साध्या थंड पाण्यात काही मिनिटे बुडवावा. डोके पाण्याबाहेर राहील याची काळजी घ्यावी. बर्फाचे पाणी वापरू नये. शुद्धीवर असलेल्या पक्ष्याच्या चोचीच्या कडेला थेंब-थेंब पाणी लावता येते. बळेच पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते.

उन्हाळ्यातील प्रत्येक मृत्यू उष्णतेनेच झाला, असे समजणे धोक्याचे असते. मानमोडी अर्थात राणीखेत या रोगातही पक्षी तोंड उघडून श्वास घेतात व झपाट्याने मरतात. उष्माघाताचे मृत्यू सहसा दुपारी वा सायंकाळी होतात आणि हवा निवळल्यावर थांबतात. हिरवट हगवण, मान वाकडी होणे किंवा थंड वेळीही होणारे मृत्यू ही रोगाची सूचक चिन्हे आहेत. २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता. हे लक्षात घेता एकाच वेळी अनेक पक्षी मेल्यास त्यांना उघड्यावर न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवणे आवश्यक आहे. लसीकरण व पक्ष्यांची वाहतूक उन्हाळ्यात पहाटे किंवा सायंकाळी करतात.

आर्थिक महत्त्व

परसातील कोंबड्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रिया करतात आणि अंडी-कोंबड्यांच्या विक्रीचा पैसा अनेकदा त्यांच्याच हाती राहतो. मीठमिरची, मुलांच्या वह्या, औषधपाणी अशा किरकोळ खर्चांस तो उपयोगी पडतो. दहापैकी चार कोंबड्या एका दुपारी दगावल्यास मोठ्या व्यवसायाच्या हिशेबात ती हानी नगण्य ठरेल. त्या घरात मात्र पुढील काही महिन्यांची अंडी व पुढची पिलावळ हातची जाते. मातीचे भांडे, चुना, पाचट व जुने गोणपाट ही संरक्षणाची बहुतेक साधने घरात वा शेतात उपलब्ध असल्याने हे नुकसान अल्प खर्चात टाळता येते.