ध्रुवखंडांतील पाषाणांची बखर

नवी मुंबईच्या पाठीशीं उभ्या असलेल्या पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. तो रस थिजला आणि फारसें रूप न पालटतां राहिला. परंतु याच शहरांत, कळंबोलीस, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिचे संशोधक दक्षिण ध्रुवखंडांतील शिर्माखर टेकड्यांवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें घेतात. तेथील खडकांनीं मात्र आपलें पहिलें रूप केव्हांच टाकिलें आहे. त्यांच्या कुळाची हकीकत आज सांगावयाची आहे.

या टेकड्या १९३९ सालीं जर्मन मोहिमेच्या विमानांतून दिसल्या. डॉ. झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजीं त्या खंडावर उतरली. पुढें १९८९ मध्यें शिर्माखरच्या उघड्या खडकांवर 'मैत्री' हें ठाणें उभें राहिलें.

हे खडक घडले कसे? एके काळीं साचलेला चिकणगाळ भूगर्भांत वीस किलोमीटरांहूनही खोल दडपला गेला व ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला. त्यांतील पाणी निघून गेलें. तांबूस गार्नेट आणि सुईसारखें सिलिमनाइट जन्मास आलें, आणि त्यांच्या शेजारीं गार व फेल्स्पार यांचे फिकट पट्टे बसले. ज्यांचें मूळ अग्निजन्य होतें, अशा कांहीं खडकांत पायरोक्सीन आढळतें. कोणतें खनिज किती उष्णतेंत व दाबांत तयार होतें हें प्रयोगशाळेंत ठरवितां येतें. म्हणून प्रत्येक स्फटिक त्या घडामोडीचा साक्षीदार होय.

ती घडामोड म्हणजे सुमारें ६० कोटी वर्षांपूर्वीं भूखंडें एकमेकांवर आदळून गोंडवनभूमि सांधली जाण्याची. हें नांव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलें. गार्नेट व सिलिमनाइट असलेल्या खडकास 'खोंडालाइट' म्हणतात, तें ओडिशांतील खोंड लोकांवरून. आपल्या पूर्व घाटांतही तोच खडक आहे. पुढें भूमि दुभंगली, भारत उत्तरेस सरकला. नातें दगडांत राहिलें.

१९९१ च्या माद्रिद येथील करारानें ध्रुवखंडांत खाणकामास बंदी घातली. संशोधनाला तेवढी मोकळीक ठेवली. पारसिकचे कडे मात्र खडीसाठीं फोडले गेले. दगड ही पृथ्वीची बखर आहे. तिचें फाडलेलें पान पुन्हां लिहितां येत नाहीं.