पाडणारे बहुमत आणि घडविणारे बहुमत

निम्म्याहून एक अधिक म्हणजे बहुमत, एवढेच आपण मानतो. ते कशासाठी जमले, हे इतिहास विचारतो.

१२ सप्टेंबर १९३२ रोजी बर्लिनच्या संसदेत चॅन्सेलर पापेन यांच्याविरुद्ध ५१२ मते पडली. बाजूने अवघी ४२. हाडवैरी नाझी व कम्युनिस्ट त्या दिवशी एकत्र आले. पाडण्यापुरते बहुमत होते. राज्य चालविण्यास एकही नव्हते. पुढच्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला.

या अनुभवाने शहाणे होऊन पश्चिम जर्मनीच्या घटनाकारांनी १९४९ मध्ये बॉन येथे दंडक घातला: चॅन्सेलरला काढावयाचे, तर त्याच ठरावाने नवा निवडा. १९७२ मध्ये तसा प्रयत्न झाला, पण दोन मते कमी पडली. १९८२ मध्ये तो साधला; श्मिट गेले, कोल आले.

आपल्या घटनेत असा दंडक नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी पडले. पर्यायी सरकार कोणालाच बनविता आले नाही. देशाला पुन्हा मतदान करावे लागले.

जर्मन दंडकालाही किंमत आहे. दुसरे जुळत नाही म्हणून नकोसे सरकार तगून राहते. तेव्हा ‘उद्या राज्य कोण चालविणार?’ हा प्रश्न घटना विचारीत नसेल, तर तो मतदारांनीच विचारला पाहिजे.