हिरवळीवरचा खेळ आणि लीला राव

संगमनेरात गवतावरच्या टेनिसची गोष्ट काढायची म्हणजे धाडसच. प्रवरेकाठी ऊस उभा असतो, पण खेळाचं मैदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुरूम येतो. तरी आम्ही ती काढतो आहोत, कारण तिचा धागा तुकोबांच्या गाथेपर्यंत जातो.

गाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते शंकर पांडुरंग पंडित. त्यांची कन्या क्षमाबाई राव संस्कृतात लिहीत आणि टेनिसही खेळत. क्षमाबाईंची मुलगी लीला. १९३४ साली लीला राव यांनी विंबल्डनला एकेरीची पहिली फेरी जिंकली. भारतीय स्त्रीचा तिथला हा पहिला विजय. ग्लॅडिस साउथवेलविरुद्ध पहिला सेट ४-६ गेला, दुसरा १०-८ आला, तिसरा ६-२.

आम्हाला त्या मधल्या सेटचं फार कुतूहल आहे. टायब्रेक तेव्हा नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. अठरा गेम! आणि तेही गवतावर, जिथे चेंडू वर उसळत नाही, घसरतो. मातीवर टप्पा पडला की चेंडू थोडा मंदावतो, वर येतो, विचाराला क्षणभर सवड देतो. गवतावर तो घोट्याजवळून निघून जातो. म्हणून गुडघ्यात वाकावं लागतं, रॅकेट मागे फार न्यायची नाही, पावलं छोटी ठेवायची, जमेल तेव्हा जाळ्याकडे धावून चेंडूचा टप्पा पडूच द्यायचा नाही. त्यात मागच्या रेषेजवळचं गवत झिजतं, आणि पंधरवड्यात एकाच कोर्टाचे दोन स्वभाव होतात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'माहीत असणं' आणि 'येणं' यांतला फरक आम्ही वर्षानुवर्षं खडूने समजावला. इथे तो गुडघ्यांनाच समजावा लागतो.

जोरदार सर्व्हिस असली की गवतावर भागतं, असं सर्रास बोललं जातं. हे अर्धंच खरं. रामनाथन कृष्णन यांची सर्व्हिस काही तोफ नव्हती. हलक्या हाताने, चेंडू अचूक ठेवून ते १९६० आणि १९६१ ला विंबल्डनच्या उपांत्य फेरीत गेले. पहिल्यांदा नील फ्रेझर, दुसऱ्यांदा रॉड लेव्हर आडवे आले.

पण मुळात गवत मिळायचं कुणाला? आपल्याकडे हिरवळीची कोर्टं बहुतेक जिमखान्यांत आणि क्लबांत होती, आणि तिथलं फाटक सगळ्यांना उघडत नसे. लीलाबाईंचे वडील मुंबईतले नामांकित डॉक्टर. परदेशी जाण्याची ऐपत होती, आई स्वतः खेळणारी होती. यामुळे त्यांचं कर्तृत्व कमी होत नाही. मात्र त्या काळी संगमनेरच्या एखाद्या मुलीचा हात तितकाच चांगला असता, तरी तो कुणाला कळलाच नसता, हेही आपण बोललं पाहिजे.

दुसऱ्या फेरीत इडा आदामोफने लीलाबाईंना हरवलं. पुढे त्यांनी आईच्या संस्कृत कथांची नाटकं केली. त्यांच्याविषयी पुढच्या व्याख्यानात बोलू.