सशांचे कोडे आणि शेअरबाजार

आमच्या युनियनमधले तरुण हल्ली बोनसची रक्कम घेऊन 'फिबोनाची'च्या रेषांमागे धावतात, म्हणून हा इतिहास. पिसाच्या लिओनार्दोने १२०२ साली 'लिबेर अबाची' लिहिला तो व्यापाऱ्यांना हिंदी अंकांनी हिशेब शिकवण्यासाठी. त्यात सशांच्या वाढीचे एक कोडे होते: १, २, ३, ५, ८, १३. (छंदांच्या मात्रा मोजताना आपल्या हेमचंद्राला ही मांडणी आधीच सापडली होती.) १९४०च्या दशकात अमेरिकन हिशेबनीस एलियट याने ती भावांच्या लाटांना जोडली. चढलेला भाव ६१.८ टक्के उतरून थबकेल, असे आता सांगतात. 'पिव्हट' म्हणजे कालचा उच्चांक, नीचांक व बंद भाव यांची सरासरी. ती निदान झालेल्या सौद्यांतून निघते. सशांचा भावाशी संबंध काय? पुष्कळांनी त्याच रेषेवर खरेदी लावली, तर भाव थबकतोही. पण ती करामत गर्दीची. दलाली मात्र दोन्ही वेळा कापली जाते, घेताना आणि विकताना.