असल, तालीक आणि हार्ड डिस्क

१/
नारायण पेठेतील एखाद्या इतिहासप्रेमी घरात मोडी कागदांची छायाचित्रे साठत जातात आणि एक दिवस संगणकातील हार्ड डिस्क भरते. कपाटात जुन्या दोन डिस्क पडून असतात. त्या जोडून एकच मोठे भांडार करावे, की वेगवेगळ्या ठेवाव्यात? प्रश्न यंत्राचा दिसतो. परंतु त्याचे अर्धे उत्तर आपल्या दप्तरांच्या इतिहासात आहे.

२/
१९५६ साली आयबीएमच्या रामॅक संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या असूनही तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरेच मावत. १९८०च्या दशकात घरगुती संगणकांसाठी लहान, स्वस्त डिस्क निघाल्या. तेव्हा विचार सुरू झाला: एका महाग डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क का जोडू नयेत?

३/
बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली या रचनेवर निबंध मांडला व तिला 'रेड' हे नाव दिले. त्यातील हिशेब सावध करणारा होता. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्कच्या समूहात सरासरी ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एखादी बंद पडणार.

४/
घरातील दोन डिस्कनाही हाच नियम लागू आहे. ४ टेराबाइटच्या दोन डिस्कवर माहिती तुकड्यातुकड्यांनी वाटली, तर ८ टेराबाइट जागा मिळते, वेगही वाढतो. पण एक डिस्क गेली की सारे भांडार जाते. समजा, वर्षभरात एक डिस्क बिघडण्याची शक्यता ३ टक्के आहे. मग या जोडीचा धोका जवळजवळ ६ टक्के होतो.

५/
दुसरा मार्ग प्रतिबिंबाचा. दोन्ही डिस्कवर तोच मजकूर लिहिला जातो. जागा मिळते ती एकीचीच, आणि आकार असमान असल्यास लहान डिस्कएवढी. एक बिघडली तरी काम थांबत नाही. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. म्हणून प्रतिबिंब म्हणजे सुरक्षित नक्कल नव्हे.

६/
नक्कल कशी असावी, हे मराठी दप्तराला ठाऊक होते. सतराव्या शतकातील अनेक इनामपत्रांच्या अखेरीस एक ठरलेली सूचना येते: अधिकाऱ्यांनी पत्राची 'तालीक', म्हणजे नक्कल, उतरून घ्यावी आणि 'असल', म्हणजे मूळ पत्र, इनामदाराला परत द्यावे. परिणामी एकच मजकूर दोन ठिकाणी, दोन वेगळ्या धन्यांकडे राही.

७/
शिवकालीन राज्यदप्तर आज अखंड स्वरूपात उपलब्ध नाही. तरीही त्या काळाचा इतिहास लिहिता आला, याचे मोठे श्रेय गावोगावच्या घराण्यांनी जपलेल्या असल-तालिकांना जाते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी असे विखुरलेले कागद घरोघर शोधले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांतून प्रसिद्ध केले.

८/
प्रती वेगवेगळ्या ठिकाणी का हव्यात, याचे उत्तर नारायण पेठेला १२ जुलै १९६१ रोजी मिळाले. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. अशा पुरापुढे एकाच वाड्यातील दोन प्रती एकच ठरतात. एकाच संगणकातील दोन डिस्कचेही तसेच.

९/
म्हणून निर्णयाचा क्रम महत्त्वाचा. समूह रचताना डिस्कवरील जुना मजकूर बहुधा पुसला जातो. त्यामुळे आधी सर्व छायाचित्रे दुसरीकडे उतरावीत. पुन्हा मिळवता येणाऱ्या सामग्रीसाठी जागा किंवा वेग हवा असेल, तर डिस्क खुशाल जोडाव्यात. काम खंडित होऊ नये असे वाटत असेल, तर प्रतिबिंब ठेवावे.

१०/
ज्या कागदाचे छायाचित्र पुन्हा काढता येणार नाही, त्यासाठी मात्र दोन्ही जुन्या डिस्क सुट्याच बऱ्या. दोहोंवर तोच मजकूर उतरावा, उघडून तपासावा आणि एक डिस्क नदीपासून दूर, दुसऱ्या घरी ठेवावी. असल एका घरी, तालीक दुसऱ्या घरी.